जखम भरली म्हणजे अभ्यास संपला का? उंच वणांवरच्या संशोधनाबद्दल थोडंसं

माझी मावशी यावल तालुक्यातल्या एका गावात राहते. काही वर्षांपूर्वी तिच्या छातीवर, बरोबर मधल्या हाडावर, एक साधी पुळी आली. पुळी फुटली, सुकली आणि त्या जागी लालसर, गुळगुळीत, कडक असा उंचवटा उरला. तो हळूहळू पसरत गेला. उन्हात घाम आला की खाज, ब्लाउजची शिवण घासली की टोचल्यासारखं दुखणं. गावात ज्यानं त्यानं सांगितलं, "मांस वाढलंय, कापून टाका." तिनं कापून घेतलं. टाके निघाले. दोन महिन्यांनी दाखवायला गेली तेव्हा तिथे फक्त एक बारीक रेघ होती. डॉक्टर खूश, मावशी खूश. सातव्या महिन्यात ती रेघ वर यायला लागली आणि वर्ष पूर्ण व्हायच्या आत आधीच्यापेक्षा मोठा उंचवटा तयार झाला. मावशी परत त्या दवाखान्यात गेली नाही. बसभाडं, बुडणारी मजुरी, आणि "आता मले कोन पाहाले येते?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

म्हणजे त्या दवाखान्याच्या कागदावर ती आजही पूर्ण बरी झालेली पेशंट आहे.

पीएच.डी.साठी मी केलॉइडवर काम करायला लागले तेव्हा वाटलं होतं की या विषयातला अवघड भाग म्हणजे पेशी, प्रथिनं, जनुकं. ते अवघड आहेच. पण चार वर्षांनंतर माझं मत असं झालंय की या क्षेत्राला सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट वेळ आहे. आजार सावकाश येतो, सावकाश परततो, आणि आपण अभ्यास मात्र लवकर बंद करतो. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय किंवा विषय शोधताय, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्दांचा घोळ

मराठीत 'व्रण' हा शब्द गोंधळ करतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांत व्रण म्हणजे जखम. आपण बोलताना व्रण म्हणतो ते जखम भरल्यावर राहिलेल्या खुणेला. म्हणून मी इथे खुणेसाठी सरळ 'वण' म्हणणार आहे. जाता जाता एक गोष्ट. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सूज आणि व्रणासाठी सात उपक्रम सांगितलेत. त्यात रोपण, म्हणजे जखम भरून आणणं, सहावं आहे. सातवं आहे वैकृतापह, म्हणजे भरल्यानंतर राहिलेली विकृती दूर करणं. रोपण झालं म्हणून वैद्याचं काम संपलं असं तिथे धरलेलं नाही, ही बाब मला फार आवडते.

उंच वणांचे दोन प्रकार मानतात. एक हायपरट्रॉफिक वण. तो साधारण महिना-दोन महिन्यांत उठतो, पण मूळ जखमेच्या हद्दीतच राहतो, आणि वर्ष-दोन वर्षांत थोडाफार खाली बसू शकतो. भाजल्यानंतर कोपरावर, मानेवर, बोटांवर येणारे जाड, आखडून टाकणारे वण बहुतेक या जातीचे. दुसरा केलॉइड. तो जखमेची हद्द ओलांडून चांगल्या कातडीत शिरतो, कधी कधी जखम भरल्यावर कितीतरी महिन्यांनी सुरू होतो, आपोआप बसत नाही, आणि नुसता कापला तर बऱ्याचदा परत येतो. कानाची पाळी, छातीचं मधलं हाड, खांदा, दंडावरची बीसीजीची जागा ही त्याची लाडकी ठिकाणं. सावळ्या आणि काळ्या त्वचेत तो जास्त दिसतो, आणि दहा ते तीस या वयात जास्त सुरू होतो. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी १८०६ साली याचं वर्णन केलं आणि नाव दिलं ते कॅन्सरशी जुळणारं. तो कॅन्सर नाही हे स्पष्ट राहावं म्हणून पुढे त्यांनीच ते बदललं. केलॉइड हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आलाय. मावशीच्या छातीवरच्या उंचवट्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले फाटे बघितले की नाव पटतं.

आता एक सावधगिरी. हे दोन वेगळे आजार आहेत की एकाच आजाराची दोन टोकं, यावर अजून एकमत नाही. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधले रेई ओगावा यांच्यासारखे संशोधक दुसऱ्या बाजूला झुकतात. त्यामुळे एखाद्या शोधनिबंधात "हायपरट्रॉफिक वण आणि केलॉइड असलेले रुग्ण" एकाच गटात घातलेले दिसले की थांबा. पहिला प्रकार वेळ गेला की थोडा आपोआप बसतो. मग फायदा औषधाचा की कॅलेंडरचा?

जखम भरते म्हणजे काय होतं

कोयता लागला, रक्त आलं. काही मिनिटांत रक्तातल्या प्लेटलेट्स गुठळी करतात. पुढचे काही दिवस सूज: पांढऱ्या पेशी येतात, जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात. मग येतात फायब्रोब्लास्ट, म्हणजे धागे विणणाऱ्या पेशी. त्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू घालतात. आधी घाईघाईनं तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन, नंतर ते काढून मजबूत असं पहिल्या प्रकारचं. यातल्या काही पेशी मायोफायब्रोब्लास्ट होतात, म्हणजे स्नायूसारख्या आकुंचन पावून जखमेच्या कडा जवळ ओढतात. जुलिओ गाबियानी आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली या पेशी दाखवून दिल्या. काम झालं की या पेशींनी मरायचं असतं. शेवटचा टप्पा पुनर्रचनेचा, आणि तो वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालतो.

साध्या कातडीत कोलॅजनचे तंतू टोपलीच्या विणीसारखे आडवे-उभे असतात. वणात ते एकाच दिशेनं, एकमेकांना समांतर पडतात. म्हणून वण झालेली कातडी मूळ कातडीच्या साधारण ८० टक्के मजबुतीपुढे जात नाही. केलॉइडमध्ये तर तंतूंचे जाड, काचेसारखे चमकणारे जुडगेच्या जुडगे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला तो ऊतींचा तुकडा वाटलाच नाही, कुणीतरी दोर गुंडाळून ठेवलेत असं वाटलं.

मग थांबायचा निरोप का पोहोचत नाही? एक उत्तर टीजीएफ-बीटा या निरोप्या प्रथिनाचं. विशेषतः त्याचा पहिला प्रकार फायब्रोब्लास्टना "अजून विण" म्हणत राहतो. दुसरं उत्तर ताणाचं. छातीचं हाड घ्या: प्रत्येक श्वासाला तिथली कातडी ताणली जाते. खांद्याचंही तसंच. पापणीची कातडी सैल असते आणि तिथे केलॉइड क्वचितच होतो. ओगावांनी केलॉइडच्या आकारांचा अभ्यास करून दाखवलं की तो ताणाच्या दिशेनं वाढतो: छातीवर खेकड्यासारखा किंवा फुलपाखरासारखा, खांद्यावर डंबेलसारखा. कसं छान बसतंय सगळं, असं म्हणेपर्यंत कानाची पाळी आडवी येते. तिथे काही ताण नाही, तरी कान टोचल्यावर होणारे केलॉइड आपण सगळ्यांनी बघितलेत. तुमच्या आवडत्या सिद्धांतात न बसणारं उदाहरण टेबलासमोर चिकटवून ठेवा, असं माझ्या गाइड म्हणतात. माझ्या टेबलासमोर एका कानाचं रेखाचित्र आहे.

केळीचं पान आणि एकवीस दिवस

यावल-रावेर म्हटलं की केळी. आमच्याकडे पानावर जेवण होतं, लग्नाच्या मांडवाला खुंट लागतात, चिकाचे डाग पडलेले कपडे प्रत्येक घरात असतात. पण याच पानाचा भाजलेल्या जखमेवर नीट अभ्यास झालाय हे मला पीएच.डी.ला आल्यावर कळलं, आणि तोही मुंबईत.

भाजलेल्या जखमेवरचं ड्रेसिंग बदलणं हा भयंकर प्रकार असतो. साधी जाळीदार पट्टी जखमेला चिकटते, ओढली की नुकती आलेली नाजूक कातडी निघून येते. परदेशी न चिकटणारी ड्रेसिंगं महाग. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातले डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्यांवर प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी डॉ. आकोलेकर यांच्यासोबत केळीच्या पानाचं ड्रेसिंग तपासलं. पान मेणचट असतं, चिकटत नाही, ओलावा धरतं, मोठं असतं आणि जवळजवळ फुकट मिळतं. २००३ साली 'बर्न्स' या नियतकालिकात त्यांचे दोन लेख आले: एक त्वचारोपणासाठी जिथून कातडी काढतात त्या जागेवर, दुसरा अर्धवट खोलीच्या भाजलेल्या जखमांवर. दुसऱ्यात तुलना बटाट्याच्या सालीशीच होती. परिणाम दोन्हींचा सारखा, पण केळीचं पान बरंच स्वस्त आणि करायला सोपं. (शेतातून तोडून आणलेलं पान तसंच जखमेवर ठेवायचं नाही. ही पानं निर्जंतुक केलेली असतात. हे लिहिलं नाही तर मावशीच्या गल्लीत उद्याच प्रयोग सुरू होतील.)

आता याचा उंच वणाशी संबंध काय? अमेरिकेतल्या एडविन डाइच आणि सहकाऱ्यांचा १९८३चा अभ्यास या क्षेत्रात अजून सांगितला जातो. भाजलेली जागा १४ ते २१ दिवसांत भरली तर साधारण एक तृतीयांश जागांवर वण उंच झाला. २१ दिवसांनंतर भरली तर ७८ टक्के जागांवर. तीन आठवड्यांच्या आत भरणार नाही असं दिसलं तर लवकर त्वचारोपण करावं, या विचाराला यातून मोठा आधार मिळाला.

इथे एक उडी मारायचा मोह होतो. केळीच्या पानानं जखम सुखानं, न ओरबाडता भरते. लवकर भरली तर वण कमी. म्हणजे केळीच्या पानानं उंच वण टळतो! मुलाखतीत असं बोललात तर समोरचे प्राध्यापक शांतपणे विचारतील, "उशिरा भरणं हे कारण आहे की खूण?" खोल भाजलेली जखम उशिराही भरते आणि तिच्यात वणही जास्त येतो. दोन्हींच्या मागे खोलीच असू शकते. ड्रेसिंगनं भरायला तीन दिवस कमी लागले म्हणून वणाचं भविष्य बदलेलच असं नाही. ते ठरवायचं असेल तर त्याच रुग्णांना वर्षानंतर परत बघायला लागतं. जखम भरण्याचे अभ्यास साधारण जखम भरली की संपतात, आणि तो त्यांचा दोष नाही, त्यांचा प्रश्नच तेवढा असतो. पण वणाची गोष्ट तिथून सुरू होते.

प्राण्यांत होत नाही, मग करायचं काय

केलॉइड फक्त माणसाला होतो. उंदीर, ससा, डुक्कर, कुणालाही नाही. हायपरट्रॉफिक वणासाठी थोडीफार सोय आहे: सशाच्या कानावर १९९७पासून वापरात असलेलं मॉडेल, आणि लाल ड्युरॉक जातीची डुकरं. उंदराचं तर वेगळंच. त्याची कातडी सैल, खाली पातळ स्नायूचा थर, त्यामुळे जखम विणून भरण्याऐवजी ओढून मिटते. म्हणून संशोधक जखमेभोवती रिंग शिवून तिला ओढू देत नाहीत.

तरी उंदरांनी मोठं काम केलंय. स्टॅनफर्डच्या मायकेल लॉंगेकर यांच्या प्रयोगशाळेतून २०१५ साली दाखवलं गेलं की पाठीच्या कातडीतले बहुतेक वण पेशींच्या एका विशिष्ट वंशातून येतात, ज्यांच्यात एनग्रेल्ड-१ हे जनुक कधीतरी चालू झालेलं असतं. २०२१मध्ये त्याच गटानं डोळ्यांच्या आजारासाठी आधीच वापरात असलेलं व्हर्टेपोर्फिन हे औषध वापरून पेशींची ताण 'ऐकण्याची' वाट बंद केली, आणि जखमेच्या जागी केसांच्या मुळांसकट जवळपास नेहमीसारखी कातडी आली. वाचून मी रात्रभर झोपले नव्हते. पण उंदीर माणूस नाही, आणि साधी जखम केलॉइड नाही.

मी स्वतः काय करते? शस्त्रक्रियेत काढलेल्या केलॉइडचे तुकडे, रुग्णाच्या लेखी संमतीनं, आमच्याकडे येतात. त्यातले फायब्रोब्लास्ट वाढवून त्यांना ताणलं की काय होतं ते बघते. इथे पहिल्याच वर्षी मी तोंडावर पडले. प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशी फार 'चिडलेल्या' दिसत होत्या, मायोफायब्रोब्लास्टची सगळी लक्षणं. आनंदानं मी आलेख काढले. मग शेजारच्या सिनिअरनं विचारलं, साध्या कातडीच्या पेशी याच डिशमध्ये कशा दिसतात? त्याही तशाच. प्लास्टिक कातडीपेक्षा कितीतरी पटींनी कडक असतं, आणि पेशींना त्यालाच ताण समजतो. मी केलॉइड मोजत नव्हते, डिश मोजत होते. आता मऊ जेलवर काम करते. आठ महिने गेले.

जनुकांचं थोडक्यात: केलॉइड काही घराण्यांत चालत येतो. २०१० साली जपानी रुग्णांवरच्या जनुकीय अभ्यासात तीन ठिकाणी चार जागा सापडल्या, त्यातली एक एनइडीडी-४ या जनुकापाशी. पुढचं काम सुरू आहे, पण मावशीला उद्या काय द्यायचं हे त्यातून अजून ठरत नाही.

फूटपट्टी कुणाची?

वण किती उंच, हे मोजायचं कसं? १९९०मध्ये आलेली व्हँकुव्हर वण-मोजपट्टी अजून चालते. रंग, लाली, लवचीकता, उंची, यांना गुण द्यायचे. दोन गोष्टी खटकतात. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, आणि त्यातल्या एकाही रकान्यात खाज नाही. मावशी झोपेत खाजवून रक्त काढायची, त्याला शून्य गुण. २००४मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी नवी मोजपट्टी आणली, तिच्यात डॉक्टरांचे गुण वेगळे आणि रुग्णाचे वेगळे. खाज, दुखणं रुग्ण स्वतः सांगतो. तुम्ही अभ्यास आखणार असाल तर ही दुसरी पट्टी, सोबत जमलं तर सोनोग्राफीनं जाडी, असं माझं मत.

पण पट्टी कितीही चांगली असली तरी ती कधी लावता यावर उत्तर बदलतं. दोन गोष्टी सांगते.

मँचेस्टरचे मार्क फर्ग्युसन यांना गर्भाच्या जखमांनी झपाटलं होतं. ठराविक वयापर्यंत गर्भाची जखम वणाशिवाय भरते. त्यांना दिसलं की तिथे टीजीएफ-बीटाचा तिसरा प्रकार जास्त आणि पहिले दोन कमी असतात. मग मोठ्यांच्या जखमेत तिसरा प्रकार टोचला तर? रेनोव्हो नावाची कंपनी निघाली, अव्होटर्मिन नावाचं औषध तयार झालं. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये सुरुवातीच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि ते आशादायक होते. त्या चाचण्या मुख्यतः निरोगी स्वयंसेवकांच्या दंडावर मोजून-मापून केलेल्या छोट्या छेदांवर होत्या. तिसऱ्या टप्प्यात खऱ्या रुग्णांचे जुने वण कापून पुन्हा शिवले आणि औषध दिलं. २०११च्या फेब्रुवारीत निकाल लागला: फरक नाही. कंपनी कोसळली. मला यात फसवणूक अजिबात दिसत नाही. विज्ञान चांगलं होतं. पण एकसारखा छोटा छेद आणि प्रत्येकाचा वेगळा जुना वण, यांतलं अंतर कुणालाही वाटलं त्यापेक्षा मोठं निघालं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. केलॉइडवर सगळ्यात जास्त वापरलं जातं ते ट्रायॅमसिनोलोन, एक स्टेरॉइड, जे थेट उंचवट्यात टोचतात. खूप दुखतं, कातडी पातळ होते, रंग उडतो. म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी वेरापामिल हे रक्तदाबाचं स्वस्त औषध टोचून बघितलं. ५४ रुग्ण, दोन गट, २००८ साली प्रसिद्ध. दोन्हींनी वण कमी झाले, स्टेरॉइडनं लवकर, वेरापामिलनं जरा सावकाश पण कमी त्रासात. स्वस्त पर्याय म्हणून ते उचललं गेलं. नंतर २०१६मध्ये आणखी एक चाचणी आली. तिच्यात केलॉइड कापून त्याच रेघेचा अर्धा भाग एका औषधाला, अर्धा दुसऱ्याला दिला होता. या रचनेची गंमत अशी की माणूस, त्याची जनुकं, त्याचं खाणं, ऊन, सगळं दोन्ही बाजूंना सारखं. निकष होता वर्षभरात केलॉइड परत येतो का. वेरापामिलच्या बाजूला तो जास्त परतला आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. यावरून वेल्लोरचं काम चुकीचं ठरतं का? नाही. आहे तो उंचवटा खाली बसवणं आणि कापलेला परत येऊ न देणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या प्रश्नाला चिकटवणं ही आपली चूक.

न आलेली माणसं

आता मावशीकडे परत. एक बनावट हिशेब करू. समजा ४० जणांचा केलॉइड कापला. वर्षानंतर १६ जण दाखवायला आले. त्यांच्यातल्या ८ जणांना तो परत आलाय. परत येण्याचं प्रमाण किती? आलेल्यांत मोजलं तर ५० टक्के. न आलेले सगळे बरे धरले तर ४०पैकी ८, म्हणजे २० टक्के. न आलेल्या सगळ्यांना परत आला धरलं तर ४०पैकी ३२, म्हणजे ८० टक्के. एकाच वहीतून तीन उत्तरं. नुसती शस्त्रक्रिया केल्यावर केलॉइड परत येण्याचे आकडे ४५पासून थेट १०० टक्क्यांपर्यंत पसरलेले पुस्तकांत सापडतात, त्यामागे हेही एक कारण असणार.

संख्याशास्त्रात हरवलेली माहिती भरून काढायच्या पद्धती आहेत, पण त्या चालतात माणसं योगायोगानं हरवली असतील तर. इथे तसं नाही. जो बरा झाला तो येत नाही कारण गरज नाही. मावशीसारखी येत नाही कारण निराश झाली. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा पावरा किंवा तडवी मजूर येत नाही कारण आधी यावल, मग भुसावळ, मग जळगाव, आणि एक दिवसाची मजुरी गेली. तिघांची गैरहजेरी वहीत सारखीच दिसते.

म्हणून आमच्याकडच्या भागात असा अभ्यास कुणी आखणार असेल तर औषध निवडण्याआधी बसभाडं अर्थसंकल्पात लिहा. आयसीएमआरची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रवासखर्च द्यायला मुभा देतात. शेवटची भेट १२ महिन्यांच्या आत ठेवू नका, १८ जमले तर उत्तम. चाचणी असेल तर भारतीय चाचणी नोंदवहीत आधी नोंदवा आणि मुख्य निकष कोणत्या महिन्यात मोजणार ते तिथेच लिहून टाका, म्हणजे नंतर तिसऱ्या महिन्याचा सुंदर आकडा पुढे करायचा मोह होणार नाही. आणि जे येऊ शकत नाहीत त्यांचा फोटो मागवा. वणाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायचं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर, त्यामुळे फोटो कुठूनही काढला तरी रुंदी काढता येते. उंची नाही कळत, पण हद्द ओलांडली का ते कळतं. बाईच्या छातीचा फोटो कोण काढणार, तो कुणाच्या फोनमध्ये राहणार, हे नैतिक समितीनं विचारायच्या आधी तुम्ही स्वतःला विचारा. आशाताईंना सोबत घेतल्याशिवाय हे होणार नाही, आणि त्यांना त्याचे पैसे द्यावेत.

उपचारांबद्दल हमखास विचारलं जातं म्हणून थोडक्यात. केलॉइड नुसता कापू नये. कापायचाच असेल तर सोबत काहीतरी हवं: स्टेरॉइडची इंजेक्शनं, काही ठिकाणी शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत सुरू होणारे किरणोपचार, कानाच्या पाळीला दाब देणारी क्लिप. न कापता करायचं तर काही आठवड्यांच्या अंतरानं ट्रायॅमसिनोलोन, कधी त्यात फाइव्ह-एफयू मिसळून, किंवा गोठवणं. सिलिकॉनच्या पट्ट्या १९८०च्या दशकापासून आहेत, धोका कमी, पुरावा मात्र कमकुवत. कुणाला काय हे त्वचारोगतज्ज्ञानं बघून ठरवायचं, माझा लेख वाचून नाही.

मावशीला गेल्या वर्षी मी ओढूनच त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या वेळी तिनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. आता चार झालीत. उंचवटा खाली आलाय, मधला भाग मऊ लागतो, रात्रीची खाज थांबली. ती म्हणते झालं, आता कशाला जायचं. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नाणं ठेवून फोटो काढते, ती वैतागते आणि काढू देते. शेवटच्या इंजेक्शनला सहा महिने झालेत. फोटोत डावीकडच्या फाट्याची कड किंचित बाहेर गेल्यासारखी वाटते, पण ती सावलीही असेल. पुढच्या रविवारी पुन्हा मोजते.